हाताला येतं ते कागदावर उतरवताना

गोव्यातल्या साखळीच्या एका ताईंनी विचारलं आहे: सहा-सात वर्षं हौस म्हणून गोधड्या शिवते. पाच पूर्ण झाल्या, बघणारे वाखाणतात. आता शिकवावं, स्वतःची डिझाइनं करून त्यांचे पॅटर्न, म्हणजे मापं आणि कृती लिहिलेले कागद, विकावेत असं वाटतं. नोकरी सोडावी का? सुरुवात कुठून करू? आणि आजीची एक फाटकी गोधडी घरात आहे, तिचे तुकडे वर्गात दाखवायला कापले तर चालेल का?

ताई, आजीच्या गोधडीचं शेवटी सांगते, कारण त्याला थोडा वेळ लागेल. नोकरीचं आधी सांगून टाकते: सोडू नका, निदान दोन वर्षं तरी नाही. शिकवण्यातून पैसे येतात, पण महिन्याच्या महिन्याला सारखे येत नाहीत. गणपतीच्या आधीचे दोन महिने वर्ग ओस पडतो, मे महिन्यात बायका माहेरी जातात. पॅटर्नचे पैसे तर त्याहून सावकाश येतात. शनिवार-रविवारी सुरू करा.

आता मुख्य गोष्ट. मी चौदाव्या वर्षी पहिली वाकळ शिवली, ती आजीच्या शेजारी बसून. आमचं घर फोंडा तालुक्यातलं, पावसाळ्यात चार महिने भिंतींना ओल धरणारं. जुन्या लुगड्यांचे चार थर जमिनीवर पसरायचे, चारी बाजूंना दगड ठेवायचे आणि कडेपासून धावदोरा घालत आत यायचं. आजी एवढंच म्हणायची, "बाय, सूत ओडूं नाका." दोरा ओढला की कापड चुरमडतं आणि धुतल्यावर गोधडी पापडासारखी वाकडी होते, हे कारण तिने कधी सांगितलं नाही. माझा दोरा ओढला गेला की ती माझं मनगट धरायची. शिकवणं म्हणजे हेच, असं मी पुढची वीस वर्षं समजत होते.

ती वीस वर्षं हौसेचीच होती. कटिंगचा क्लास केला, पायाचं मशीन घेतलं, ब्लाउज शिवले, मुलांचे फ्रॉक-झबली शिवली. शेजारच्या टेलरकडून कातरणाच्या पिशव्या आणायचे. त्यात टू बाय टू या ब्लाउजच्या कापडाचे तुकडे भरपूर असायचे, ब्लाउजच्या गळ्याच्या आणि बगलेच्या कापातले, सगळे गोलसर. त्यांचे चौकोन काढता काढता माझं कापडाचं शिक्षण झालं. कुठलं सुती, कुठलं मिश्रण, हे बोटांनी कळायला लागलं. शंका आली तर दोरा काढून पेटवायचा: सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. दोन्ही कापडं एकाच गोधडीत आली तर इस्त्री एकाला सोसते आणि दुसऱ्याला नाही. धुतल्यावर सुती आटतं, दुसरं नाही.

शिकवण्याची सुरुवात एका फजितीतून झाली. शेजारची नवी सून शिकायला आली. हुशार मुलगी, टाका माझ्याहून बारीक. मी दोन त्रिकोण जोडून चौकोन कसे करायचे ते करून दाखवलं, तिने तसंच केलं. माझे चौकोन सपाट बसले, तिच्या कडांना लाटा आल्या. पुन्हा दाखवलं, पुन्हा तेच. मी म्हणत राहिले, "माझ्यासारखं कर." ती बिचारी म्हणत होती, "करतेच आहे." तिसऱ्या दिवशी मी काहीच न करता तिच्या हातांकडे बघत बसले. कापलं बरोबर, शिवलं बरोबर. मग तिने इस्त्री घेतली आणि शिवणीवरून सरकवली, ब्लाउजवरून सरकवतो तशी. त्रिकोणाची लांब बाजू उरेब असते, म्हणजे कापडाच्या विणीला तिरपी. उरेब कापड ओढलं की ताणतं, आणि गरम इस्त्रीखाली ताणलं तर तसंच राहतं. मी इस्त्री वरून ठेवत होते, उचलत होते, पुन्हा पुढे ठेवत होते. वीस वर्षं असंच करत आले होते आणि आपण असं करतो हे मला माहीतच नव्हतं.

त्या संध्याकाळी मी एक दोनशे पानी वही घेतली. त्यात माझ्या गोधड्यांबद्दल काही लिहिलं नाही. समोरच्या बाईचं काम कुठे बिघडलं, तेव्हा तिचा हात काय करत होता आणि माझा हात तिथे काय करतो, एवढंच लिहीत गेले. आज अशा नऊ वह्या आहेत. तुम्ही विचारता सुरुवात कुठून करू, तर या वहीतून करा. पाच सुंदर गोधड्या हातात असणं म्हणजे तुम्हाला शिवता येतं. दुसरीची चूक कुठल्या हालचालीतून आली हे ज्या दिवशी दिसेल, त्या दिवसापासून तुम्हाला शिकवता येईल. आणि पॅटर्न लिहिणं हे त्याच्याही पुढचं. तिथे समोर बाई नसते, तिचा हात दिसत नाही, आणि तरी ती कुठे चुकणार हे आधीच ओळखून लिहावं लागतं.

माझ्या वर्गात पहिल्या दिवशी कोणी गोधडी शिवत नाही. दीड-दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापायच्या, पाव-पाव इंचाची शिवण घेऊन एकमेकींना जोडायच्या, इस्त्री ठेवायची, आणि मधल्या पट्टीची रुंदी मोजायची. ती बरोबर १ इंच भरली पाहिजे. दहातल्या आठ बायकांची भरत नाही. ज्यांनी आयुष्यभर ब्लाउज शिवले त्यांचीही भरत नाही, कारण ब्लाउजला अर्धा इंच इकडेतिकडे चालतं, उलट आत माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडायचीच असते. इथे चालत नाही. हिशेब करून बघा: शिवण फक्त एक सोळांश इंचाने जास्त झाली, म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर, तर ती दोन्ही तुकड्यांतून तेवढं खाते. एका शिवणीमागे एक अष्टमांश गेलं. आठ तुकड्यांच्या रांगेत सात शिवणी, म्हणजे सात अष्टमांश इंच, जवळजवळ एक इंच कमी. शेजारची रांग नीट शिवलेली असेल तर दोघी जुळणार कशा? मग बाई ओढून-ताणून जुळवते आणि गोधडी मधेच फुगते. आणखी एक बारकावा. पाव इंचाला एखाद्या दोऱ्याइतकी कमीच शिवण घ्यायची, कारण कापड दुमडताना घडीतही थोडं जातं. मशीनच्या पट्टीवर मास्किंग टेपचे चार थर चिकटवून कापडाला टेकायला कठडा केला की हात आपोआप सरळ जातो.

कापडाच्या दुकानात 'प्युअर कॉटन, पक्का रंग' म्हणून घेतलेल्या लाल कापडाने माझी एक ऑर्डरची गोधडी पहिल्याच धुण्यात गुलाबी करून टाकली होती. दुकानदाराने हात वर केले. तेव्हापासून लाल, गडद निळा आणि काळा यांचा एकेक तुकडा गरम पाण्यात पांढऱ्या फडक्यासोबत अर्धा तास भिजवून बघितल्याशिवाय मी कात्री लावत नाही. वर्गात हेही पहिल्या आठवड्यातच करून घेते.

आपल्या हवेतल्या गोष्टी बाहेरच्या कुठल्याच पुस्तकात नसतात, त्या तुम्हालाच शिकवाव्या लागतील. टाचण्यांचं घ्या. तीन थर जोडताना टाचण्या किंवा सेफ्टी पिना लावून गोधडी कपाटात ठेवली आणि जूनचा पाऊस लागला, की आठवड्याभरात गंजाचे तपकिरी ठिपके उमटतात आणि ते जात नाहीत. पावसाळ्यात मी पिना लावतच नाही, मोठा कच्चा टाका घालते. मशीनचा बॉबीन केस काढून पुसून ठेवायचा. तयार गोधडी प्लास्टिकच्या पिशवीत घालायची नाही, जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात घालायची आणि महिन्याने घडी बदलायची. भिजवून धुणं मे संपायच्या आत. जाड गोधडी जुलैत धुतली तर मधला थर वाळायलाच तीन दिवस लागतात आणि तोवर बुरशीचा वास धरतो.

इतकी मापं-हिशेब सांगितल्यावर आता एक उलटी गोष्ट सांगते, कारण तिने मला बदललं. आपल्या शेजारी, अनमोडचा घाट चढून गेलं की कर्नाटकातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या भागात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले, त्यांतले बरेच पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्यात गुलाम म्हणून उतरवलेले. त्यांच्या बायका कवंदी शिवतात, म्हणजे त्यांच्या पद्धतीची ठिगळांची गोधडी. एका घरी मी दोन दिवस बसले होते. जुनी साडी अस्तर म्हणून जमिनीवर पसरलेली. बाई तिच्यावरच बसली होती, म्हणजे कापड ताणलेलं राहतं. एका कोपऱ्यापासून तिने सुरुवात केली. तुकडा उचलला, नखाने त्याची कड आत दुमडली, धावदोऱ्याने तो अस्तरावर धरला. पुढचा तुकडा त्याच्या कडेवर. तो लांब असेल तर फाडला, आखूड असेल तर वर आणखी एक ठिगळ. अशी कडेकडेने फिरत, चारी बाजू घेत, ती हळूहळू मध्याकडे येत होती. पट्टी नाही, टेप नाही, आधी काढलेला आराखडा नाही. तुकडे जोडणं आणि थर शिवणं एकाच टाक्यात होत होतं, जे मी दोन वेगळ्या कामांत करते. शेवटी चार कोपऱ्यांत घड्या घातलेल्या त्रिकोणांची फुलं लावली. त्याशिवाय कवंदी उघडी, नागडी राहते असं त्या मानतात.

मी विचारलं, पुढचा रंग कसा ठरवता? ती म्हणाली, "बघ." आजीही हेच म्हणाली असती. आजीची वाकळ आणि ती कवंदी, दोन्ही कडेकडून आत येणाऱ्या. परत आल्यावर मी माझ्या वर्गात एक महिना पट्टी बंद केली. पाव इंच आणि कवंदी या दोन वेगळ्या विद्या आहेत. एक मोजून येते, दुसरी बघून. शिकवणाऱ्याला दोन्ही माहीत असाव्यात, कारण काही हातांना पहिली कधीच मानवत नाही आणि त्या बायका स्वतःला अडाणी समजून वर्ग सोडून जातात.

आता डिझाइन. तुम्ही लिहिलंय की कल्पना सुचत नाहीत, परदेशी ब्लॉकच पुन्हा पुन्हा होतात. त्यात काही वाईट नाही, पण घराबाहेर पडून जरा वर-खाली बघा. जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या खिडक्या, लाकडी चौकटीत बसवलेले पारवे, दुधी तुकडे; ओसरीवरच्या सिमेंटच्या नक्षीच्या फरश्या, चार फरश्या एकत्र आल्या की फूल पूर्ण होतं; पणजीत फोंताइन्यश भागात दारावर लावलेल्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स. चौकोनात भरून पुन्हा पुन्हा येणारी नक्षी हीच तर ब्लॉकची व्याख्या.

माझा पहिला स्वतःचा पॅटर्न 'राजांगण'. लॉग केबिन नावाचा अमेरिकेत रुजलेला जुना ब्लॉक आहे: मध्ये एक चौकोन आणि त्याच्याभोवती फिरत्या पट्ट्या. मधला चौकोन तिकडे रिवाजाने लाल ठेवतात, घरातल्या शेकोटीची खूण म्हणून. मला तो बघताना आमच्या चौकी घरातलं राजांगण दिसलं. मध्ये तुळशी वृंदावन, भोवती चारी बाजूंनी सोपे. मी मधला चौकोन हिरवा केला. दोन बाजूंच्या पट्ट्या फिकट, त्या उन्हाच्या, आणि दोन बाजूंच्या गडद, त्या सावलीच्या. असे ब्लॉक फिरवून लावले की अंगणात सकाळ-दुपार सरकताना दिसते. मापं अशी: मधला चौकोन अडीच इंच कापायचा, पट्ट्या सगळ्या दीड इंच रुंद. लांबी पहिल्या पट्टीची अडीच, मग साडेतीन, साडेतीन, साडेचार, साडेचार, असं वाढत तिसऱ्या फेरीची शेवटची पट्टी साडेआठ इंच. एकूण बारा पट्ट्या. तयार ब्लॉक साडेआठ इंचाचा, गोधडीत बसल्यावर आठ इंचाचा दिसतो.

हे वाचायला सोपं वाटलं ना? मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा 'मधला चौकोन २ इंच' असं लिहिलं होतं. माझ्या डोक्यात ते शिवून झाल्यानंतरचं माप होतं. अकरा जणींनी २ इंच कापलं. अकरा जणींचं कापड वाया गेलं, त्यात एकीने आईच्या साडीचा पदर वापरला होता. कापडाचे पैसे मी सगळ्यांना परत केले, पण पदर कुठून आणून देणार? तेव्हापासून माझ्या प्रत्येक पॅटर्नमध्ये दोन वेगळे रकाने असतात, 'कापायचं माप' आणि 'शिवून झाल्यावरचं माप', आणि दोन्ही रकाने भरल्याशिवाय मी एकही ओळ पुढे जात नाही. हा नियम तुम्ही आजपासून पाळा.

त्रिकोणांच्या चौकोनांना मी नेहमी जास्तीचं कापड सांगते. गोधडीत बसल्यावर ३ इंच हवा असेल तर पुस्तकी माप तीन आणि सात अष्टमांश इंच येतं. मी सरळ ४ इंच कापायला लावते आणि शिवल्यावर साडेतीनला छाटायला. एक अष्टमांश इंचाची कड वाया जाते, पण नवशिकीचं काम वाचतं. कापड किती लागेल तेही अंदाजाने लिहू नये. एकेरी बिछान्याची ६० बाय ९० इंचांची गोधडी घ्या. परीघ ३०० इंच. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४४ इंच असला तरी किनारी सोडून ४२ धरायचा. कडेच्या गोटासाठी अडीच इंची पट्ट्या तिरप्या सांध्याने जोडायच्या तर आठ लागतात, म्हणजे २० इंच कापड. मी ६० सेंटिमीटर लिहिते, दुकानात कापणारा वाकडं कापतो म्हणून. अस्तर चारी बाजूंनी तीन-तीन इंच जास्त.

पॅटर्न लिहून झाला की तिघींना शिवायला द्या. एक मुरलेली, एक नवशिकी, आणि तिसरी अशी की जी तुम्हाला ओळखत नाही आणि फोन करून विचारणार नाही. चुका तिसरीच्या कामात दिसतात. फाइल पाठवून विकणार असाल तर पहिल्या पानावर १ इंचाचा चौकोन छापा आणि लिहा की हा पट्टीने मोजून बघा, कारण घरचे प्रिंटर पान बसवायला आकृती गुपचूप लहान करतात. आणि मराठीतून लिहा. इंग्रजीतले पॅटर्न हजारो आहेत. डिचोलीच्या किंवा सावंतवाडीच्या बाईला 'उरेब', 'पन्हा', 'कच्चा टाका' हे शब्द वाचताना जो धीर येतो तो मी समोर बघितला आहे.

हक्कांबद्दल थोडक्यात. तुमचा मजकूर आणि आकृत्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याने नोंदणीशिवायही तुमच्याच असतात. लॉग केबिनसारखे जुने ब्लॉक सर्वांचे, त्यावर कोणी मालकी सांगू शकत नाही. पण जिथून घेतलं ते लिहायचं. लाल चौकड्यांचं कुणबी कापड वापरलं तर ते कुणबी बायकांचं आहे हे पॅटर्नवर छापा. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ते कापड पुन्हा लोकांच्या डोळ्यांपुढे आणलं तेव्हा त्याचं नाव पुसलं नाही. कवंदी शिकवायची असेल तर सिद्दी बाईंना बोलवा, मानधन द्या आणि स्वतः खाली बसून शिका.

घरचे लोक म्हणतील, चिंध्यांत काय जीव घालवतेस. मलाही म्हणाले. तेव्हा मी त्यांना सांगायचे की सोळाव्या-सतराव्या शतकात बंगालच्या सातगाव भागात पिवळ्या टसर रेशमाने सुती कापडावर भरलेल्या गोधड्या पोर्तुगीज जहाजांतून लिस्बनला जायच्या. कोल्चा म्हणायचे त्यांना. त्यांतल्या काही आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. शिवणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत. म्हणून तुमच्या प्रत्येक गोधडीच्या मागे कोपऱ्यात नाव, गाव आणि वर्ष दोऱ्याने लिहा. शिकणाऱ्यांनाही लिहायला लावा, पहिल्या वेड्यावाकड्या गोधडीवरसुद्धा.

आता तुमच्या आजीची गोधडी. कापू नका. माझ्या आजीची वाकळ अशीच फाटली होती. वरचं लुगडं विरून जाळी झालं होतं. मी एका कोपऱ्यातले वीतभर टाके उसवले, आत काय आहे बघायला. वरच्या लुगड्याखाली दुसरं लुगडं निघालं, त्याखाली आजोबांच्या धोतराचा तुकडा, आणि त्याच्याही आत अख्खी दुसरी वाकळ, तिच्यावरचे टाके जाड, पांढऱ्या दोऱ्याचे, आजीच्या हातचे नव्हेत. तिच्या सासूचे किंवा आईचे असावेत. आजीने ती फेकली नव्हती, आत घेतली होती. मी तिथेच थांबले आणि उसवलेला कोपरा परत शिवून टाकला.

तुमचीही तशीच असण्याची शक्यता आहे. वर्गात ती तशीच घेऊन जा, मुलींना हात लावू द्या, उलटीकडून टाके बघू द्या. मग घरी आणून तिच्या दोन्ही बाजूंना नवं मऊ सुती कापड लावा, मलमल किंवा धुतलेली जुनी साडी, पॉलिस्टर नको. आधी भरपूर कच्चे टाके घाला, कारण विरलेलं कापड सरकतं. सुई लांब घ्या, आणि जुन्या टाक्यांच्या रांगांमधल्या मोकळ्या जागेतून धावदोरा चालवा. थर जास्त झाल्याने सुई अडेल, तेव्हा अंगुस्तान घाला आणि एका वेळी दोनच टाके उचला. दोरा ओढू नका.